नदीचे झाड आणि त्यातले वाटसरू





दोन वर्षांपूर्वी आपल्या देणग्यांतून आम्ही एका कातकरी वाडीखालच्या ओढ्यावर सिमेंटचा बंधारा बांधला, हे आपणांस आठवत असेल. त्याचा फोटोही या पत्रिकेत छापून आला होता. पूर्वी फेब्रुवारीअखेर कोरडा पडणारा तो ओढा आता एप्रिलपर्यंत पाणी धरतो. बायकांच्या हंड्याच्या खेपा कमी झाल्या. काही घरांनी भेंडी, गवार, वांगी लावली. याबद्दल आपले आभार मानावे तेवढे थोडेच.

परंतु गेल्या पावसाळ्यानंतर वाडीतील एक वृद्ध आजी मला ओढ्यावर घेऊन गेल्या. दगड उलटून दाखवीत म्हणाल्या, "ताई, तुमी पाणी अडवलंत, बरंच केलंत. पन बगा, बारकी झिंगं वर येत न्हाईत आता. जी हाईत ती जुनी, मोठी. ती संपली की संपलं."

मी तेव्हा काही बोलू शकले नाही. ज्या घरात आठवड्यातून चार दिवस कालवण म्हणजे ओढ्यातले झिंगे, मासे किंवा खेकडेच, त्या घराला ही गोष्ट भाजीच्या वाफ्याइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या मंडळीत मत्स्यशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले, "आधी तुमच्या नदीचे चित्र काढा. बंधारा कुठे आहे ते त्यावर दाखवा. मग बोलू."

त्या चित्रावरून मी जे शिकले तोच या अंकाचा अभ्यास. तो नीट वाचावा, कारण शेवटी मला आपल्याकडे एक विनंती करायची आहे.

१. नदी ही रेघ नाही, झाड आहे

नकाशात नदी निळ्या रेघेसारखी दिसते. खरे तर ती आडवे पडलेले झाड आहे. डोंगरातले झरे आणि लहान ओहोळ या तिच्या डहाळ्या. दोन ओहोळ मिळून ओढा होतो, ती फांदी. असे अनेक ओढे मिळून मुख्य नदी होते, तो बुंधा. आणि जिथे नदी खाडीत शिरते, ते या झाडाचे मूळ.

प्रत्येक झाडाचा आकार वेगळा असतो. महाबळेश्वरच्या एकाच पठारावरून कृष्णा आणि सावित्री निघतात. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेकडे उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. तिचा सगळा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतला. गोदावरीचेही तसेच. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जवळ असताना ती पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर जाते. म्हणजे घाटमाथ्याच्या एका बाजूला प्रचंड, लांब बुंध्याची मोजकी झाडे आहेत. दुसऱ्या बाजूला कोकणात लहान, उभ्या चढणीची पुष्कळ झाडे ओळीने लावल्यासारखी आहेत, आणि प्रत्येकाचे मूळ थेट समुद्रात आहे.

पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला या झाडाबाहेर पाऊल टाकता येत नाही. पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडतो. माशाला मात्र शेजारच्या ओढ्यात जायचे असेल, तर आपल्या ओढ्यातून खाली संगमापर्यंत उतरावे लागते आणि मग तिथून वर चढावे लागते. दोन ओढ्यांमध्ये एका टेकडीचे अंतर असले, तरी माशाच्या हिशेबाने ते कित्येक किलोमीटर असू शकते. म्हणून कोणत्या ओढ्यात कोणते जीव सापडतील, हे त्या ओढ्याच्या पाण्यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो ओढा झाडावर नेमका कुठे आहे यावरही असते.

२. तीन प्रकारचे रहिवासी

आजींच्या ओढ्यातले जीव आम्ही तीन गटांत मांडले.

पहिला गट घर न सोडणाऱ्यांचा. आपल्या डोंगरातले मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, हे त्याचे उत्तम उदाहरण. मुठ्याची मादी अंडी आणि नंतर इवलीशी पिल्ले पोटाखाली धरून ठेवते. पिल्ले बाहेर पडतात ती खेकड्याच्याच रूपात. त्यांना समुद्राची गरज नाही. एका डहाळीवर त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जाऊ शकतात.

दुसरा गट नदीतल्या नदीत फिरणाऱ्यांचा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मासे खालच्या डोहांतून ओढ्यांत, ओहोळांत, अगदी भातखाचरांतही चढतात. यालाच आपल्याकडे वलगण म्हणतात, आणि या माशांना चढणीचे मासे. मासे त्या वेळी अंडी घालण्यासाठी वर जात असतात. उथळ, नव्या पाण्यात पिल्लांना खाणे मिळते आणि मोठ्या शिकारी माशांपासून थोडी सुटका होते. पाणी ओसरू लागले की पिल्ले पुन्हा डोहात उतरतात. या गटाला बुंधा आणि डहाळी दोन्ही लागतात, आणि मधली वाट मोकळी लागते.

तिसरा गट समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्यांचा. यात दोन जीव आपल्या ओळखीचे आहेत. एक अहीर, ज्याला पुष्कळ ठिकाणी नुसते वामच म्हणतात. हा सापासारखा लांब मासा वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि पूर्ण वयात आला की पुराच्या पाण्याबरोबर खाली उतरून खोल समुद्रात अंडी घालायला जातो. त्याची पानासारखी चपटी पारदर्शक पिल्ले समुद्रात वाढत वाढत नदीच्या मुखाशी येतात आणि तिथून वर चढू लागतात.

दुसरा जीव म्हणजे झिंगे. गोड्या पाण्यातल्या सगळ्याच झिंग्यांना समुद्र लागतो असे नाही. पण काही जातींची पिल्ले निमखाऱ्या पाण्यावाचून जगत नाहीत. हॉटेलांत जिला जंबो कोळंबी म्हणतात तिचे जीवन अभ्यासकांनी बारकाईने पाहिले आहे. मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते. अंड्यातून निघालेली पिल्ले गोड्या पाण्यात राहिली तर थोड्या दिवसांतच मरतात. खाडीच्या पाण्यात अकरा अवस्थांतून गेल्यावर त्यांना कोळंबीचे रूप येते, आणि मग ती नदीच्या काठाकाठाने वर चालू लागतात. ती चांगली चढतात. खडक ओला असेल तर उभ्या कडेवरूनही जातात.

हे ऐकल्यावर आजींचे शब्द मला नव्याने समजले. बंधाऱ्याच्या वर फक्त मोठी झिंगी राहिली होती, कारण खालून बारकी येणेच थांबले होते. गावात एकही मूल जन्मले नाही तर तिथे काही वर्षे म्हातारी माणसे दिसत राहतील, पण ते गाव भरलेले आहे असे कोणी म्हणणार नाही.

३. चढण ही चाळण आहे

झाडाच्या आकाराबरोबर त्याची चढणही पाहावी लागते. धबधबा ही निसर्गाने लावलेली चाळण असते. चढू शकणारा वर जातो, न चढू शकणारा खालीच राहतो.

हवाई बेटांवरचा आकाका धबधबा १३५ मीटर उंच आहे. तरी त्याच्याही वर समुद्रातून आलेले लहान मासे सापडतात. त्यांच्या पोटाखालचे पर जोडले जाऊन चोषकासारखे झालेले असतात. त्याच्या आधाराने ते ओल्या खडकाला चिकटत इंचाइंचाने चढतात. त्यांना खाणारे मासे मात्र चढू शकत नाहीत, ते खालच्या भागातच राहतात.

कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको बेटाचा भूगोल आपल्या कोकणाशी पुष्कळ जुळतो. मधे डोंगर, भरपूर पाऊस, लहान आणि तीव्र उताराच्या नद्या. तिथल्या लुकीयो डोंगरातल्या ओढ्यांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे. तिथेही धबधब्याखाली शिकारी मासे असतात, आणि धबधब्याच्या वर झिंग्यांचे राज्य असते. एका जातीच्या झिंग्याचे तर रूपही बदललेले दिसते. धबधब्याखाली राहणाऱ्यांच्या कपाळावरचा काटा लांब, वर राहणाऱ्यांचा आखूड. जिथे शत्रू आहे तिथे लांब भाला, जिथे नाही तिथे छोटा.

ही झिंगी केवळ कोणाचे तरी खाणे नव्हेत. ती दगडावरचे शेवाळ खरवडतात, कुजणारी पाने खातात, गाळ हलवतात. त्या बेटावर मोठ्या धरणांमुळे ज्या ओढ्यांतून ती नाहीशी झाली, तिथे दगडांवर शेवाळाचा आणि गाळाचा थर साचलेला आढळला. झाडणारा निघून गेला की अंगणाचे काय होते, तसेच हे.

येथे एक प्रश्न मी प्राध्यापकांना विचारला, "धबधबा चढणाऱ्या झिंग्याला आमची दोन मीटरची भिंत का चढता येत नाही?" त्यांनी उत्तर दिले, "उंचीपेक्षा ओल महत्त्वाची." धबधब्याचा खडक खडबडीत असतो आणि त्याच्या कडेला पाण्याचा पातळ पदर सतत वाहत असतो. सिमेंटची भिंत गुळगुळीत असते. पाणी तिच्यावरून सुटून दूर पडते, किंवा पातळी उतरली की पडतच नाही. पोर्टो रिकोतही हेच दिसले. ज्या मोठ्या धरणांवरून पाणी ओसंडत नाही, त्यांच्या वर समुद्रातून येणारा एकही देशी मासा किंवा झिंगा राहिला नाही.

४. भिंत बुंध्यावर की डहाळीवर?

आता सर्वांत महत्त्वाचा धडा. आंब्याची एक डहाळी तोडली तर त्या डहाळीचे आंबे जातील. बुंधा तोडला तर सगळे झाड जाईल. कुऱ्हाड तीच, घावही तेवढाच. फरक फक्त जागेचा.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एल्वा नावाची नदी आहे. तिच्या मुखाशी क्लॅलम हे आदिवासी लोक राहतात. समुद्रातून वर येणारा सॅमन मासा हा त्यांच्या जेवणाचा आणि सणांचा आधार होता. १९१३ साली मुखापासून केवळ आठ किलोमीटरवर त्या नदीवर धरण पूर्ण झाले. माशांना वर जाण्यासाठी वाट ठेवली नव्हती. धरण एकच होते, पण ते बुंध्यावर होते. त्यामुळे वरच्या नदीची आणि उपनद्यांची मिळून शंभराहून अधिक किलोमीटरची वाट बंद झाली. १९२७ साली वर आणखी एक धरण झाले. क्लॅलम लोकांनी अनेक दशके आपले म्हणणे सोडले नाही. अखेर २०११ साली धरणे पाडण्याचे काम सुरू झाले आणि २०१४ साली पूर्ण झाले. सॅमन पुन्हा वर जाऊ लागला, आणि २०२३ साली त्या लोकांनी आपल्या नदीत पुन्हा मर्यादित मासेमारी केली. शंभर वर्षांहून जास्त काळ वाट पाहावी लागली.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. हिलसा हा मासा समुद्रातून गंगेत चढतो. पूर्वी तो अलाहाबाद आणि त्याच्याही वरपर्यंत जात असे. १९७५ साली पश्चिम बंगालमध्ये फराक्का येथे बांध सुरू झाला. तो गंगेच्या बुंध्यावर, खालच्या भागात आहे. त्यानंतर वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ नाहीसा झाला. बिहार आणि उत्तर प्रदेशातील नदीकाठच्या मच्छीमारांनी काही केले नव्हते. भिंत त्यांच्या गावात नव्हती. पण त्यांचे गाव त्याच झाडावर, भिंतीच्या वरच्या बाजूला होते.

समुद्रातून येणाऱ्या जीवांसाठी मुखाजवळची भिंत सर्वांत घातक असते, कारण प्रत्येकाला तिथूनच जावे लागते. नदीतल्या नदीत फिरणाऱ्यांसाठी झाडाच्या मध्यावरची भिंत फार वाईट, कारण ती झाडाचे दोन मोठे तुकडे करते. डोह एका तुकड्यात राहतो आणि अंडी घालायची जागा दुसऱ्यात. डहाळीच्या टोकावरची लहान भिंत मात्र दोघांनाही कमी अडवते.

कोकणातल्या नद्यांच्या बाबतीत एक आशेची गोष्टही आहे. पोर्टो रिकोत असे आढळले की वेगवेगळ्या नद्यांतली झिंगी एकमेकांची नातेवाईक आहेत, कारण त्यांची पिल्ले समुद्रात एकत्र मिसळतात. म्हणजे समुद्र हे या सर्व झाडांचे सामाईक अंगण आहे. वाट मोकळी झाली तर एका नदीत शेजारच्या नदीची पिल्ले येऊ शकतात. डोंगरमाथ्यावरच्या मुठ्यांचे आणि तिथेच राहणाऱ्या माशांचे तसे नाही. ते एकदा संपले की त्यांच्या डहाळीवर बाहेरून कोणी येणार नाही.

५. वेळही सांभाळता येते

वाट नेहमीच भिंत पाडूनच मोकळी होते असे नाही. पोर्टो रिकोतील एस्पिरितू सांतो नदीवर पिण्याच्या पाण्यासाठी एक बुटका बांध आहे. तिथे १९९० च्या दशकात अभ्यास झाला. झिंग्यांची नुकती जन्मलेली पिल्ले पाण्याबरोबर खाडीकडे वाहत जाताना पाणी ओढणाऱ्या नळांत शिरत होती. सरासरी ४२ टक्के पिल्ले अशी मरत होती. नदीला पाणी कमी असे तेव्हा सगळीच.

पण अभ्यासकांच्या लक्षात आले की पिल्ले दिवसभर सारखी वाहत नाहीत. अंधार पडल्यानंतरच्या काही तासांत ती सर्वांत जास्त असतात. त्यांनी सुचवले की संध्याकाळचे तीन ते पाच तास पाणी ओढणे थांबवले, तर मरणाऱ्यांचे प्रमाण ११ ते २० टक्क्यांवर येईल. लोकांचे पाणी तोडायला नको. फक्त घड्याळाकडे पाहायला हवे.

६. आपला बंधारा

हे सर्व शिकून मी पुन्हा ओढ्यावर गेले. या वेळी पावसाळ्यात, रात्री, आजी आणि वाडीतली चार मुले बरोबर होती. विजेरीच्या उजेडात भिंतीच्या पायथ्याशी पाहिले. मोजता येणार नाहीत इतकी नखाएवढी झिंगी तिथे कडेला जमली होती. काही भिंतीवर थोडी चढत आणि कोरड्या भागाशी येऊन पुन्हा खाली पडत. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

आम्ही कागदावरच्या चित्राकडे परत गेलो. आपला बंधारा दोन ओढ्यांच्या संगमाच्या खाली आहे. संगमाच्या वर बांधला असता तर एक फांदी अडली असती. खाली बांधल्याने दोन्ही अडल्या. ती जागा आम्ही का निवडली? कारण तिथपर्यंत रस्ता होता आणि सिमेंटची गाडी पोहोचत होती. वाडीतल्या कोणालाही आम्ही विचारले नव्हते की मासे कुठून चढतात. ही चूक माझी आहे, आणि ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांच्यापुढे ती मान्य करणे मला आवश्यक वाटते.

आता पुढे काय करावे, हे वाडीच्या बैठकीत ठरले. बंधारा पाडायचा नाही. पाण्याची गरज खरी आहे, आणि हंडा कोणाच्या डोक्यावर होता हे विसरून चालणार नाही. भिंतीच्या एका कडेला खडबडीत दगडांची तिरकी उतरण रचायची. माथ्याला तिथेच एक खाच ठेवायची, म्हणजे पाणी उतरल्यावरही त्या दगडांवरून पातळ धार वाहत राहील. पावसाळ्यात त्या उतरणीजवळ आणि भिंतीच्या पायथ्याशी कोणी मासे धरायचे नाहीत, हा नियम वाडीने स्वतः केला.

दुसऱ्या बंधाऱ्यासाठी आपण निधी दिलेला आहे. तो आणखी खाली, खाडीच्या बाजूला, रस्त्यालगत बांधायचे ठरत होते. तो आम्ही रद्द करीत आहोत. त्याऐवजी वरच्या चार लहान ओहोळांवर दरवर्षी पाऊस संपल्यावर वनराई बंधारे घालायचे आहेत. मातीने भरलेल्या गोण्यांचा हा बंधारा उन्हाळ्यापर्यंत पाणी धरतो आणि पावसाळ्यापूर्वी काढून टाकता येतो. वलगणीचे मासे आणि बारकी झिंगी पावसात वर जातात तेव्हा वाटेत भिंतच नसते.

माझी विनंती एवढीच. या कामात उद्‌घाटनाची पाटी नाही आणि छापण्याजोगा मोठा फोटोही नाही. दरवर्षी गोण्या, मजुरी आणि देखरेख यांचा थोडा थोडा खर्च येईल. आपण एकदाच दिलेली रक्कम अशी वर्षावर्षांत वाटून वापरण्यास संमती द्यावी. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी मोकळेपणाने कळवावे. त्यांची देणगी त्यांच्या इच्छेप्रमाणे दुसऱ्या कामाकडे वळवू.

गेल्या महिन्यात दगडांची उतरण रचून झाली. पहिला दगड आजींनी ठेवला. नंतर म्हणाल्या, "ताई, आता पुढल्या पावसात रातीच्या या. बॅटरी मी देते."

चर्चेसाठी प्रश्न

(महिला मंडळ, तरुण संघ व गृहसभांमध्ये वापरावे.)

१. आपल्या गावातून किंवा शहरातून जाणाऱ्या नदीचे झाड कागदावर काढा. तिचे मूळ कुठे आहे? त्यावरच्या भिंती कोणत्या फांद्यांवर आहेत?

२. मुठा, चढणीचा मासा आणि अहीर या तिघांपैकी कोणाला कोणती भिंत जास्त अडवील? कारण सांगा.

३. फराक्काच्या वरच्या मच्छीमारांप्रमाणे, दूर घेतलेल्या निर्णयाचा भार उचलणारे कोणी आपल्या परिचयात आहेत काय?

४. एखादे चांगले काम करताना ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांना आधी विचारले नाही, असे आपल्या मंडळीत कधी घडले आहे काय? ते दुरुस्त कसे करता येईल?